हाडावर घालू नये

धाकट्याने भावोजींची करंगळी तोडली. बरं, असं काही अजून झालेलंच नाही असं समजा. भावोजींची दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत आणि त्यांतलं एक धाकट्याच्या नाकासमोर नाचतंय.

"हाडावर काय घालतोस? सांधा शोध. सांधा सापडला की मांस आपणहून सुटतं."

मटणाचं दुकान भावोजींचं, सत्तूर भावोजींचा, आणि धाकट्याची सख्खी बहीणही भावोजींचीच. त्यामुळे सात वर्षं हे ऐकून घेणं हीच त्याची नोकरी होती. मागे एकदा त्याने रागाच्या भरात वजनकाट्याला बुक्की हाणली. काटा बारा किलो दाखवून कायमचा गेला. मग ताईने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गोळी दिली नाही, वही दिली. रोज सकाळी उठल्याबरोबर वीस मिनिटं लिहायचं. पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही.

पहिल्याच सकाळी धाकट्याने भावोजींना ठार मारलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा मारलं. आतडी ओढून काढली, धड आकड्याला उलटं टांगलं, मुंडकं मागच्या बोळातल्या कुत्र्यांना टाकलं. वळण मात्र सुटलं नाही. 'भावोजी, मान जरा इकडे करता का,' असं विचारूनच तो घाव घालायचा. थोरल्या बहिणीचा नवरा, त्याला अरे-तुरे कसं करणार? वीस मिनिटं झाली की वही गादीखाली, अंघोळ, चहा, आणि दुकानात दिवसभर गोगलगाय. "किती निवळलाय हा," ताई म्हणायची.

दोनशे चौदा खून सुखरूप पार पडले. मग ताईने गादी उन्हात टाकली आणि वही भावोजींच्या पायाशी पडली.

धाकटा घरी आला तेव्हा भावोजी लाल पेनने ती तपासत होते.

"भावोजी, ती खाजगी आहे."

"मुडदा माझा पडलाय आणि खाजगी तुझं?" भावोजींनी पान उलटलं. "मारलंस त्याचं काही नाही. पण मानेवर नऊ घाव? लोक काय म्हणतील, कुणाच्या हाताखाली शिकलाय हा?"

समासात पानोपानी लाल अक्षरं होती: हाडावर घालू नये. सांधा शोधावा.

दुसऱ्या दिवशी वही दुकानात आली. भावोजी गिऱ्हाइकांना वाचून दाखवू लागले. शेजारचा शिंपी रोज सकाळी डोकावून विचारायचा, "आज कसे मेलात, शेठ?"

धाकट्याने नवी वही आणली. पण पहिल्याच ओळीला पेन थांबलं. हे भावोजींना पटेल का? चार सकाळी पेन तिथेच थांबलं. राग आता जाईल कुठे? तो कोपरापर्यंत येऊन बसला.

पाचव्या दिवशी तो दुकानात म्हणाला, "भावोजी, वही द्या."

भावोजींनी वहीवर डावा हात पसरला. "आधी एक तरी खून धड करून दाखव."

धाकट्याने सत्तूर उचलला. "भावोजी, करंगळी जरा लांब करता का?"

इतक्या अदबीने विचारल्यावर भावोजींनी सवयीने केली.

एकच घाव. सत्तूर करंगळीतून उतरून वहीच्या अडतिसाव्या पानात रुतला. रक्ताची चिळकांडी फरशांवर, नव्या काट्यावर आणि नेहमीसारखा डोकावलेल्या शिंप्याच्या कोऱ्या सदऱ्यावर उडाली. शिंपी आडवा झाला. भावोजींनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने उरलेलं बोट डोळ्यांजवळ नेलं.

"हाडाला धक्का नाही," ते पुटपुटले. "सापडला सांधा." आणि शिंप्यावर कोसळले.

कोठडीतून धाकट्याने अर्ज केला तो असा:

'मा. पोलीस अधिकारी साहेब यांस. विषय: जप्त वहीबाबत. सदर वहीत भावोजी दोनशे चौदा वेळा मयत झाले असून ते हयात आहेत, याची नोंद घ्यावी. वही बंद होईपर्यंत त्यांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. तरी अर्जदारास सदर वही पेनासह रोज सकाळी वीस मिनिटं परत मिळावी, मजकूर साहेबांनी अगर न्यायालयाने वाचू नये, आणि वाचल्यास लाल पेन वापरू नये, ही नम्र विनंती.'