दुधाचा दात

"लिही. खालचा जबडा, मोठा माणूस. दात नऊ, सातांवर आडव्या रेघा."

भिंगावरचा डोळा न हलवता वेंकटेश सांगत होता आणि त्याची बायको वेणूबाई वहीत उतरवून घेत होती. उणकलच्या तळ्याचा बांध खणताना मजूर नागोजीला मातीचे जुने रांजण सापडले होते, आत माणसांची हाडं; ती त्याने पोत्यात भरून आणली होती. लहानपणी मोठं दुखणं आलं की दाताची वाढ अडते आणि रेघ उरते. तसल्या रेघा मोजून हजारो वर्षांपूर्वीचे आजार शोधायचं खूळ या कॉलेजातल्या मास्तराने घेतलं होतं. शेजारच्या खुर्चीत त्याचे वडील बाळाचार्य. मोतीबिंदूने डोळे गेलेले, पण कान भारी तिखट.

नागोजीच्या पोत्यातून शेवटी एक चिमुकला जबडा निघाला. त्याच्या मातीत काळ्या मण्यांची मनगटी अडकली होती, मधोमध एक पोवळं. वेणूबाईने ती ओळखली. ती मनगटी तिनेच ओवली होती.

सात वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा कृष्णा गेला, सात महिन्यांचा. दात आलेल्या मुलाला अग्नी, न आलेल्याला माती, ही घरची रीत. "दात आला होता का, वेणू?" सासऱ्यांनी विचारलं होतं. एवढ्याशा जिवाला आग लावायची, हे तिला सोसवलं नाही. ती धडधडीत खोटं बोलली, आणि कृष्णाला तळ्याच्या बांधाशी पुरलं. पुढे पाळणा हलला नाही, आणि ते आपल्याच पापाचं फळ समजून ती उपास करत राहिली. आता हे फुटलं तर सासरे तिच्या हातचं पाणीही घेणार नव्हते.

वेंकटेशने जबडा उजेडात धरला. तांदळाच्या कणीएवढा दात तिला बसल्या जागेवरून दिसत होता.

"गप्प का झालास रे?" बाळाचार्यांनी विचारलं.

"लहान मुलाचा आहे, अप्पा."

"दात?"

एक रेघ चुकली म्हणून महिन्याचं काम फाडून टाकणारा माणूस हा, तिचा नवरा. वेणूबाईच्या टाकातली शाई कागदावर ठिपकली.

"नाहीत," वेंकटेश म्हणाला. "लिही, दात नाहीत."

तिने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

"सरि, बरं," म्हणत म्हातारा संध्येला उठला. काठीचा आवाज मागल्या दारापर्यंत गेला. वेंकटेशने जबडा आणि मनगटी आपल्या धुतल्या उपरण्यात गुंडाळली.

"अहो, तो दात..." वेणूबाईने टाक खाली ठेवला.

"कृष्णा जायच्या आदल्या दिवशी तू त्याला पेज भरवत होतीस, तेव्हा चमच्यावर टक्कन वाजला होता," तो म्हणाला. "मी दारातच होतो."