स्नेहलताबाईंनी घेतलेली टेप

बाविसाव्या वर्षापर्यंत तीन संघांनी वाहे तेर्झियनच्या हातात नारळ दिला होता. माँट्रियालच्या आर्मेनियन वस्तीत त्याच्या वडिलांचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं. ‘सप्टेंबरात परत ये आणि दुकानात बस,’ असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. २००७च्या हिवाळ्यात तो क्राइस्टचर्चच्या आइस हॉकी संघात आला, तो अंगाला गंज चढू नये म्हणून. पगार नव्हताच. शहराच्या रिकार्टन भागात गुरुदत्त नावाच्या पुण्याच्या इंजिनियरकडे राहायला एक खोली मिळाली होती, एवढंच.

ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या एका कोचचा निरोप आला. एक जागा रिकामी आहे, पूर्ण सामन्याची टेप पाठव. मोसमातला एकच सामना उरला होता.

शूटिंग गुरुदत्त करणार होता, पण रविवारी दुपारी ऐन वेळी त्याला ऑफिसातून बोलावणं आलं. राहता राहिल्या त्याच्या आई, सहा महिन्यांसाठी आलेल्या स्नेहलताबाई. त्यांना इंग्रजी जेमतेम येई. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “वाहे? छान नाव. आमच्याकडे नदी वाहे.”

“आंटी, मी जिथे, कॅमेरा तिथे,” वाहेने खुणा करून सांगितलं.

“ओके, ओके. ओन्ली यू.”

पहिला अर्धा तास त्याच्या हातून काही म्हणजे काही घडलं नाही. काळी रबरी चकती त्याच्या काठीला शिवून निसटून जात होती. मग एका धिप्पाड खेळाडूने त्याला कडेच्या फळ्यांवर आपटलं. मधले काही क्षण वाहेला आठवेनात. उठला तो मात्र अंगात आल्यासारखा खेळला. दोन गोल केले. असा तो आयुष्यात कधी खेळला नव्हता.

संध्याकाळी टीव्हीला कॅमेरा जोडला. तो आपटला आणि बर्फावर निपचित पडून राहिला, तिथपर्यंत चित्र ठीक होतं. त्यानंतर फक्त सिमेंटची फरशी आणि मोजे घालून जँडल्समध्ये, म्हणजे तिकडच्या रबरी चपलांत, सरकवलेले दोन पाय दिसत राहिले. मागे आरडाओरडा ऐकू येत होता आणि अगदी जवळून बाईंचा आवाज, “ऊठ रे बाळा, ऊठ ना.” मग रामनाम. दोन्ही गोल त्या फरशीवरच झाले.

“तुम्ही मला संपवलंत!” वाहे ओरडला. “एकच काम होतं!”

“पडलास ना तू,” बाई मराठीतच म्हणाल्या. “उठतच नव्हतास. कॅमेऱ्याचं भानच राहिलं नाही रे मला.” आणि आत निघून गेल्या.

फ्रान्समध्ये तेव्हा सकाळ होती. त्याने फोन लावला, गयावया केली.

कोच हसला. “न दिसलेले गोल मला रोजच ऐकवतात. आहे ती टेप पाठव.”

सकाळी वाहेने स्नेहलताबाईंची माफी मागितली. मान खाली घालून त्या त्याच्या ताटात पोहे वाढत राहिल्या. मग त्याने टेप पोस्टात टाकली. दुसरं होतंच काय हातात?

बारा दिवसांनी ईमेल आला. जागा दुसऱ्याला गेली होती. ‘तू अकरा सेकंद हललेला नाहीस,’ कोचने लिहिलं होतं. ‘तरी तू पुढे खेळलास? डोकं डॉक्टरला दाखव. माझ्या मित्राच्या खालच्या श्रेणीतल्या संघाला माणूस हवा आहे. डॉक्टरचा कागद घेऊन महिन्याभरात पोहोच.’

गुरुदत्त त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. रोज सकाळी डोकं ठणकतं, हे वाहेने तिथे पहिल्यांदा कबूल केलं. डॉक्टरने लिहून दिलं, सहा आठवडे बर्फावर पाऊल नाही.

“तारीख बदला,” तो काकुळतीला आला. “चारच आठवडे लिहा.”

डॉक्टरने कागद तसाच पुढे सरकवला.

महिना संपता संपता तो कागद घेऊनच तो फ्रान्सला गेला. आधी वडिलांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “दुकान आता तुझ्या चुलतभावाला देतो.” डॉक्टरची मुदत संपेपर्यंत दोन आठवडे तो नव्या संघाच्या बाकावर स्वेटर घालून बसला. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं, आणि आज ना उद्या परत पाठवतील, या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना. तिसऱ्या आठवड्यात एकाचा घोटा मोडला आणि नव्या कोचने वाहेकडे बोट केलं.

त्या संघात तो पुढची तीन वर्षं खेळला.