नुसती पेज

विषाची परीक्षा घेऊ नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि बोईसरच्या दवाखान्यातली शिकलीसवरलेली डॉक्टरीण काशीबाईला तोंडावर सांगत होती, की ज्या गोळीने तुमचा मुलगा मरता मरता वाचला, तीच गोळी मी त्याला माझ्यासमोर खायला घालणार आहे. काशीबाईला क्षणभर वाटलं, आपल्याच कानांत काहीतरी बिघाड झालाय.

“म्हंजे तुमी त्याला मारून बगनार?” तिने विचारलं.

तिच्या मुलाने, धीरजने, कपाळाला हात लावला. त्याची बायको भाविका फरशीकडे बघत राहिली. डॉक्टर हेमाली मात्र रागावल्या नाहीत. “मारून नाही, मावशी. थोडी थोडी देऊन बघायची. आधी नुसता कण, मग पाव, मग अर्धी. उलटलं तर लगेच देण्याचं औषध उशाशी तयार ठेवून. त्या दिवशी गोळीनेच झालं की दुसऱ्या कशाने, हे पक्कं कळायला दुसरा रस्ता नाही.”

“आनि झालं तर?”

“झालं तर इथे होऊ दे. समुद्रात नको.”

आणि झालं होतं ते समुद्रातच.

तसं पहिल्यांदा झालं होतं घरात, होळीच्या सुमारास. जाळी ओढून ओढून धीरजचा उजवा खांदा कायमचा दुखरा. एका सकाळी त्याने दुखण्याची गोळी घेतली आणि थोड्या वेळाने अंगभर गांधी उठल्या. काशीबाईने आमसुलाचं पाणी चोळलं, गांधी बसल्या, पित्त म्हणून सगळे विसरून गेले. दुसऱ्यांदा झालं ते कमलाकांतच्या बोटीवर, किनारा दिसेनासा झाल्यावर. खांद्याने उचल खाल्ली म्हणून धीरजने तीच गोळी घेतली आणि जाळं ओढायला लागला. ओढता ओढता पापण्या सुजल्या, छातीतून शिट्टी वाजायला लागली, आणि तो होता तिथेच खाली बसला. बोट वळवून आणली तर दातिवऱ्याच्या खाडीला ओहोटी. बोट आत येईना. खलाशांनी त्याला जाळ्याच्या झोळीत घातला आणि मांडीभर चिखलातून चालत आणला. काशीबाई तेव्हा किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी परतत होती. लांबून तिला वाटलं, केवढा मासा गावला बाय! म्हणून ती हसत पुढे गेली होती. ते हसणं तिला अजून रात्री झोपेतून उठवायचं.

सफाळ्याच्या डॉक्टरने सुई टोचली आणि पोरगा परत आला. पण कमलाकांत, बोटीचा तांडेल आणि काशीबाईचा चुलत दीर, दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला. “वैनी, रागावू नको. कशानं झालं ते डॉक्टर सांगू दे, मंगच मी त्याला दर्यात नेन. दर वेळी भरती नसते.” त्याचं काही चुकत नव्हतं. पण दर्यावाचून धीरज म्हणजे ओट्यावर टाकलेलं वल्हं. गोळीनेच झालं असेल तर गोळी बंद करता येईल. गोळीने झालं नसेल तर? मग कशाला भ्यायचं? ज्याला नाव नाही ते कुठूनही येतं, आणि काशीबाई तेव्हापासून सगळ्यालाच भ्यायला लागली होती. पोरगा शिंकला तरी ती दचकायची.

डॉक्टर हेमालींनी पहिल्या भेटीतच खोदून खोदून विचारलं होतं. अंगावर काय होतं, काही चावलं का, काय प्यायला होतास, दारू होती का. धीरज मान हलवत होता आणि उत्तरं काशीबाई देत होती, कारण पोराच्या पोटात काय जातं ते आईला माहीत.

“माशाची ॲलर्जी आहे का घरात कुणाला?”

काशीबाईला या भीतीतही हसू फुटलं. “माशाची ॲलर्जी झाली तर आमी काय वाळू खावी?”

“बरं. पण त्या दिवशी बोटीवर काय खाल्लं होतं? कोलंबी? चिंबोरी? काही मासळी?”

“मासळी कुटली? मासळी पकडाया तर गेलेले! सकाळची नुसती पेज.”

“आणि होळीला, घरी?”

“तवा पन पेजच. नुसती पेज.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. काशीबाई खोटं बोलली नव्हती. सबंध गावाला विचारलं असतं तरी सबंध गावाने हेच सांगितलं असतं.

परीक्षेच्या दिवशी उपाशी यायचं होतं. काशीबाई काळोख असतानाच उठली. संध्याकाळपर्यंत पोराला दवाखान्यात ठेवणार, आणि तिथलं ते पिवळं वरण त्याच्या घशाखाली उतरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक. तिने डबा भरला. केळव्याच्या शितलाई देवीला खणानारळ बोलून ठेवला आणि गावातल्या सुजीतच्या रिक्षात बसली. बोईसर जवळ आलं तसा कंपन्यांचा तो नेहमीचा उग्र वास आला. भाविकाने पदर नाकाला लावला. काशीबाईने लावला नाही. तिचं नाक, डोळे, कान सगळे पुढच्या सीटवरच्या पोराच्या मानेवर होते.

खोली लहान होती. धीरजच्या हाताला सुई लावून ठेवली होती. उशाशी एका ताटलीत भरलेली सिरिंज. रिद्धी सिस्टरने सांगितलं, “ही उलटलं तरच. नाहीतर नाही वापरायची.” काशीबाई त्या सिरिंजकडे बघेना. बघितलं की ती वापरायची पाळी येईल असं तिला वाटत होतं.

पहिला कण धीरजने पाण्याबरोबर गिळला. त्याच्या घशाची घाटी वरखाली झालेली काशीबाईने पाहिली. आपण आई, आणि आपण इथे उभ्या राहून हे बघतोय! तिने त्याच्या पापण्यांवर नजर रोवली. पापणी सुजली का? मघाशी अशीच होती का? बघून बघून तिला पोराचा चेहराच अनोळखी वाटायला लागला. तो खाकरला तशी ती ओरडली, “डॉक्टर!” डॉक्टर धावत आल्या. धीरज नुसता खाकरला होता.

“आये, तू भायेर बस,” तो वैतागून म्हणाला.

“नाय बसनार.”

पलीकडच्या खाटेवरचा कंपनीतला कामगार म्हणाला, “माताजी, बैठ जाइए, कुछ नहीं होगा.” त्याच्या सांगण्याने व्हायचं ते थोडंच थांबणार होतं! पण धीरजने पुन्हा डोळे वटारले, म्हणून ती बसली.

मग पाव गोळी. मग अर्धी. दर वेळी डॉक्टर त्याची छाती ऐकायच्या, नाडी बघायच्या, पोट उघडं करून गांधी शोधायच्या. दर वेळी काशीबाई डॉक्टरांचा चेहरा वाचायला बघायची. भाविका एकदाच बोलली. “आय, मना वाटतं, काय झालं नाय तर ते जास्त वाईट.” काशीबाईने तिला गप्प केलं. असं अभद्र बोलतात का! पण सून खरं तेच बोलली होती, आणि म्हणूनच सासू तिच्यावर भडकली.

शेवटी उरलेली गोळी दिली, आणि मग नुसती वाट बघणं. उन्हं कलायला लागली. धीरज जांभया देत होता. डॉक्टर हेमालींनी पुन्हा एकदा सगळं तपासलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मोकळं हसू आलं. “पूर्ण गोळी पोटात गेली, मावशी, आणि काहीसुद्धा झालं नाही. या गोळीची ॲलर्जी दिसत नाही. आता खाऊ दे त्याला काहीतरी. अजून थोडा वेळ बसवते आणि सोडते.”

काशीबाईने हात जोडले आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून डबा उघडला. आई ती आईच. पोराच्या हाताला सुई होती म्हणून तिने स्वतःच्या हाताने भरवलं, लहानपणी भरवायची तसं. धीरज लाजला, पण सकाळपासूनची भूक होती. बघता बघता डबा चाटूनपुसून साफ झाला. भाविकाने फोन लावून कमलाकांतला सांगितलं, की गोळीचा काही दोष नाही, बोटीवर जागा ठेवा.

सिस्टर सुई काढायला येणार, इतक्यात धीरज म्हणाला, “आये, तळवं खाजतंन.”

“सुई हाय ना हाताला, म्हनून,” काशीबाई डब्याचं झाकण लावत म्हणाली.

“कान पन.”

तिने वर पाहिलं. कान लालभडक झाले होते. आणि पापणी, सबंध दिवस जिच्यावर तिने पहारा दिला ती पापणी, तिच्या डोळ्यांदेखत फुगत होती. धीरजने तिला हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजाऐवजी ती शिट्टी आली. बोटीवरची. तिने ती बोटीवर ऐकली नव्हती, खलाशांनी सांगितली होती, पण तिने ओळखली.

किंचाळी कुणी मारली, काशीबाईला कळलं नाही. बहुतेक तिनेच. डॉक्टर आल्या, त्यांनी ती ताटलीतली सिरिंज उचलली आणि कपड्यावरूनच मांडीत खुपसली. खाटेचा पायथा उचलला, तोंडावर मास्क लावला, सलाईन धो धो सोडलं. भाविका भिंतीला चिकटली होती. काशीबाई पोराचा पाय घट्ट धरून उभी राहिली. पाय थंड होता. ओहोटीच्या चिखलातून आणला तेव्हाही असाच थंड होता. “शितलाई, मना ने,” ती म्हणत होती, “याला नको, मना ने.”

डॉक्टरांनी आणखी एकदा सुई दिली. मग केव्हातरी शिट्टी बारीक होत गेली. धीरजने डोळे किलकिले केले. पाय हळूहळू ऊबदार झाला, तरी काशीबाईने तो सोडला नाही.

डॉक्टर हेमालींचा चेहरा पांढराफटक पडला होता. घाम पुसता पुसता त्यांची नजर खाटेखालच्या डब्यावर गेली. त्यांनी तो उचलला आणि उघडून वास घेतला.

“यात काय होतं, मावशी?”

“पेज.”

“पेजेवर?”

“पेजेवर काय... जवळा. भाजलेला. जरासा, तोंडाला चव म्हनून.”

डब्याच्या कडेला चिकटलेला एक जवळा डॉक्टरांनी बोटावर घेतला. गुलाबी, नखाएवढा, काळे डोळे असलेला. “ही कोलंबीचीच जात, मावशी. मी विचारलं होतं तुम्हाला.”

“तुमी कोलंबी विचारलीत,” काशीबाई म्हणाली. “मासळी विचारलीत. जवळा काय खानं हाय? तो मिठासारका...”

“त्या दिवशी बोटीवर होता?”

होता. जवळ्याचा डबा तिनेच भाजून, लसूण-मिरची घालून, स्वतःच्या हाताने बोटीवर दिला होता. आणि होळीला धीरज गोळी घेऊन तसाच निघाला होता, तर तिनेच हाताला धरून मागे बसवला होता. रित्या पोटी गोळी बाधते, आधी दोन घास खा.

“मग इतकी वरसं कसा खातो तो?” भाविका कशीबशी म्हणाली. “रोज खातो. कदी काय नाय झालं.”

“नुसता जवळा तो पचवतो,” डॉक्टर म्हणाल्या. “नुसती गोळीही पचवतो, आज बघितलंच आपण. दोन्ही पोटात एकत्र आली की मात्र अंग उलटतं, असं दिसतंय. त्यात बोटीवर ओढायची मेहनत. आणखी तपासण्या कराव्या लागतील. तोवर जवळा, कोलंबी, चिंबोरी सगळं बंद. गोळीही बंद.” मग त्या जरा थांबल्या. “मी त्याला आज सोडणार होते. गोळी चालते म्हणून सांगून. उद्या तो पेज खाऊन, गोळी घेऊन समुद्रात गेला असता. तुम्ही तो डबा इथे उघडलात म्हणून...”

त्यांना काशीबाईचे आभार मानायचे होते की स्वतःला दोष द्यायचा होता, कोण जाणे. काशीबाईला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. बोटांना अजून लसणाचा वास होता. इतके दिवस ती सगळ्या जगाला भ्याली, गोळीला, डॉक्टरला, दर्याला. या हाताला भ्यायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती रात्र दवाखान्यात काढून ते दुसऱ्या दिवशी दातिवऱ्याला परतले. रिक्षा गावात शिरली आणि तो वास आला, घरोघर अंगणात पसरलेल्या जवळ्याचा, जो तिला जन्मात कधी वास म्हणून आला नव्हता. तिच्याही अंगणात तो पसरला होता, शेजारणीने परतून ठेवलेला. उतरताना धीरजच्या पायाला लागू नये म्हणून तिने आधी धावत जाऊन वाटेपुरता झाडून बाजूला केला. कमलाकांत ओट्यावर येऊन बसला होता. भाविकाने त्याला सगळं सांगितलं, बोटीवर काय न्यायचं नाही तेही. त्याने डोकं खाजवलं. “बोटीवर जवळा नको? बरं, नको. डॉक्टर हो बोलू दे, मंग नेतो त्याला,” तो म्हणाला.

काशीबाईने चूल पेटवली. तवा घासला, राखेने घासला, परत पाण्याने घासला. पेज रटरटली तसा हात आपोआप फळीवरच्या बरणीकडे गेला. बोटं झाकणाला लागली आणि ती चटका बसल्यासारखी मागे सरली. बरणी तिने फडक्यात गुंडाळली आणि भाविकाच्या हातात दिली. “शेजारी दे. आपल्या घरात नको.” मग हात पुन्हा धुतले, कोपरापर्यंत, आणि ताट वाढलं.

धीरजने पहिला भुरका घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आये, याला काय चव नाय.”

काशीबाई समोर बसून त्याच्या पापण्यांकडे बघत होती. ताट रिकामं झालं तरी ती उठली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने पोराला नुसती पेज वाढली होती.