स्वातीचा तेजोमेघ

गेल्या वर्षी चष्मेवाल्याने एका रात्रीत सत्त्याण्णव पाहिले होते, आणि ही गोष्ट त्याने दुकानात आलेल्या जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळी उतरवली होती. नंबर तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेलं माणूस उठून जाणार तरी कुठे? आकाशात एकशे दहा धूसर ठिपक्यांची एक जुनी यादी आहे. त्यात ताऱ्यांचे गुच्छ आहेत, तेजोमेघ आहेत, दूरदूरच्या दीर्घिका आहेत. वर्षातून एखाददुसरीच अमावास्या अशी येते की संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ती सगळी यादी ओळीने पाहून काढता येते.

"यंदा एकशे दहाच्या एकशे दहा," त्याने घरी जाहीर केलं.

"बरं," बायको म्हणाली. तिची सकाळची पाळी होती, म्हणून नोंदी ठेवायला त्याने मोठ्या बहिणीला गळ घातली. ताई कचेरीत तीस वर्षं लघुलेखिका होती. साहेब बोलेल ते अक्षरन् अक्षर कागदावर उतरवायचं, ही तिची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आपण कोणाला बरोबर नेतोय, हे चष्मेवाल्याच्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

गावाबाहेरच्या टेकाडावर तिघांच्या दुर्बिणी लागल्या. एक चष्मेवाल्याची, एक दंतवैद्याची आणि एक निवृत्त बसचालकाची. बसचालक कोणाशी फारसा बोलत नसे. दंतवैद्य मात्र दर वर्षी चष्मेवाल्याच्या पुढे असायचा आणि त्याबद्दल अवाक्षरही काढायचा नाही. चष्मेवाल्याला खरा राग त्याच गोष्टीचा होता.

संधिप्रकाशात पहिले दोन ठिपके निसटले. "ते कोणालाच दिसत नाहीत," चष्मेवाला म्हणाला. दंतवैद्याला दिसले. पण त्यानंतर गाडी अशी सुसाट सुटली की साडेबारापर्यंत ताईच्या वहीत एक्कावन्न खुणा झाल्या.

मग कन्या राशीतल्या दीर्घिकांचा जथा आला. हा भाग सगळ्यात अवघड, आणि आज तर तो फारच सोपा जात होता. जिकडे दुर्बीण वळवावी तिकडे अंधुक गोळा तयार.

"ताई, बघतेस का एखादी?"

ताईने डोळा लावला. "मघाची आणि ही सारखीच दिसते रे."

"नजर तयार व्हावी लागते," चष्मेवाला मायेने म्हणाला. वीस वर्षं लोकांचे डोळे तपासल्यावर माणसाला असं बोलायचा हक्कच मिळतो, असं त्याला वाटे. "लिही. पुढची."

दोन वाजेपर्यंत आणखी तेवीस झाल्या. चौऱ्याहत्तर! त्याला राहवेना. "डॉक्टर, या जरा," त्याने हाक मारली. "ही दीर्घिका मला इतकी ठसठशीत कधीच दिसली नव्हती."

दंतवैद्य आला, वाकला, बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "जरा हलवू का?" त्याने नळी सरकवली, पुन्हा पाहिलं. "चष्मेवाले, मी आता स्वातीवर लावलीय. स्वातीचा तारा कधीपासून तेजोमेघ झाला?"

चष्मेवाल्याने पाहिलं. स्वाती कापसाच्या बोळ्यासारखी फुगली होती. बसचालक न बोलता बॅटरी घेऊन आला आणि त्याने नळीत तांबडा उजेड टाकला. आतल्या छोट्या आरशावर दव जमून तो पार दुधाळ झाला होता. दिवसभर लोकांच्या काचा पुसणाऱ्या माणसाने दीड तास धुरकट काचेतून साधे तारे पाहिले होते, आणि प्रत्येकाला दीर्घिका म्हणून वहीत बसवलं होतं.

"पण मी तर नीट खात्री करून..." तो पुटपुटला.

"वाचू का?" ताईने विचारलं आणि कोणी हो म्हणायच्या आत चष्मा सावरून सुरुवात केली. "बावन्नावी: 'दिसल्यासारखं वाटतंय, लिही.' त्रेपन्नावी: 'इथेच असणार, जाईल कुठे.' एकोणसाठावी: 'वा, काय रचना आहे!' चौसष्टावी: 'डॉक्टरला ही सापडली नसेल.'"

"ते कशाला लिहिलंस?"

"तू बोललास म्हणून."

दंतवैद्य इतका हसला की त्याला ओणवं व्हावं लागलं. आधी चष्मेवाल्याचे कान तापले, मग 'वा, काय रचना आहे' हे त्याचं त्यालाच पुन्हा ऐकू आलं आणि तोही खाली बसून पोट धरून हसला. "खोड," तो म्हणाला. "तेवीसच्या तेवीस."

आरसा वाळवायला बसचालकाने गाडीतला छोटा हीटर दिला. त्यात वीस मिनिटं गेली. मग खरोखरच्या दीर्घिका शोधायला लागल्यावर त्या किती फिक्या असतात ते कळलं. अकरा मिळाल्या, बाकीच्यांचा नाद सोडावा लागला.

पुढे शौरी तारकासमूहातला ताऱ्यांचा मोठा गुच्छ आला. त्याने घाईने पाहिला, खूण करायला सांगितली आणि सवयीने विचारलं, "बघतेस?"

ताई वाकली ती डोळा लावूनच राहिली. तिकडे धनू राशी वर चढत होती, यादीतल्या ठिपक्यांची रांग लागली होती. चष्मेवाला पाय बदलत उभा राहिला.

"मोजता येताहेत रे," ती अखेर म्हणाली. "मधले नाही, पण कडेचे एकेक सुटे दिसताहेत. थांब जरा."

तो थांबला. दहा मिनिटं गेली, आणखी चार गेली. या वेळात निदान पाच ठिपके उरकले असते असा हिशेब मनात चालूच होता, पण तिला उठ म्हणवेना.

उजाडल्यावर चहा पिताना आकडे सांगायची रीत होती. दंतवैद्य एकशे आठ. बसचालक एकशे तीन. चष्मेवाल्याकडे सगळे वळले तेव्हा त्याने घसा साफ केला.

"एक्क्याण्णव," तो म्हणाला. "गेल्या वर्षीपेक्षा सहा कमी. पण खरोखर पाहिलेले."

परतताना ताईने वही मिटून पिशवीत ठेवली. मग तिने विचारलं, "पुढच्या वर्षी कधी आहे हे?"

"येशील पुन्हा?" चष्मेवाला खुलला.

"येईन की. मात्र मी डॉक्टरांच्या दुर्बिणीपाशी बसणार आहे. मी त्यांना विचारलंय, ते हो म्हणाले."