वाळवणातलं रीळ

सुधाकररावांनी फ्रिजमधून, लोणच्याच्या बरणीमागून कॅमेऱ्याच्या रिळाची डबी काढली आणि खिडकीत ठेवली. बघता बघता डबीला घाम फुटला. बाहेर वांकिडीचा बाजार अजून धुक्यात होता. येणारीजाणारी माणसं निम्मीच दिसत होती.

"आत्ताच उघडू नको," ते देवकाबाईंना म्हणाले. "दोन घंटे असंच राहू दे. गार गार उघडलं तर आत पाणी धरते."

देवकाबाईंनी मेथी निवडता निवडता मान डोलावली. हे त्यांना आता चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं तेव्हाच तर घोळ झाला होता.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सुधाकरराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला होते आणि इकडे फ्रिज बंद पडला. डबी ओलीचिंब झाली. रीळ भिजलं, असं समजून बाईंनी ते टोकापर्यंत ओढून काढलं, पदरानं पुसलं आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातलं. संध्याकाळी रिळाची खुंटी फिरवून परत गुंडाळलं. पुढे कधीतरी सुधाकरराव एका गिऱ्हाइकाला सांगत होते, रिळाला ऊन दिसलं की ते मेलं. चहा घेऊन आलेल्या बाईंनी ते ऐकलं. तेव्हापासून त्या मेलेलं रीळ मुकाट्यानं गारव्यात जपत होत्या.

साऱ्या पंचक्रोशीची लग्नं ह्या माणसानं टिपली. बायकोचा मात्र एक फोटो काढला नाही. "घरच्या माणसावर रीळ काऊन वाया घालवू?" म्हणायचे. नातवंडांनी मोबाइलवर शंभर काढले असतील, पण त्यांना ह्यांच्या एका फोटोची सर नव्हती. आणि आज उठल्या उठल्या म्हणाले, "शेवटचं रीळ हाय, छत्तीस फोटोंचं. तुह्यावर काढतो."

बाईंना इतका आनंद झाला, की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. रिळाचं खरं सांगितलं तर हे आत्ताच संपणार होतं.

त्यांनी न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं. सांगायचं म्हणून दोनदा दारापर्यंत आल्या आणि दोनदा केस नीट करायला परत गेल्या. धुकं विरलं. ऊन खिडकीतून फरशीवर उतरलं. घरात सगळं कसं सावकाश, पाण्याखाली चालल्यासारखं चाललं होतं.

दोन तासांनी सुधाकररावांनी पाठमोरं उभं राहून डबी उघडली. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग कॅमेऱ्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

त्यांनी बाईंना खिडकीजवळ बसवलं. खांद्यावरचा पदर सारखा केला, कपाळावरची बट बोटानं मागे सारली. बघत राहिले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. एवढं निरखून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एक काढला, दुसरा काढला, मग काढतच गेले. चौदाव्याला बाईंना राहवलं नाही.

"आवो, थे रीळ मी उन्हात वाळवलं होतं. पुरं उलगडून."

"माईत हाय. हळदीची बोटं उठली हायेत त्याच्यावर. मान जराशी इकडं कर."

बाईंनी मान वळवली. डोळे भरून आले होते, ते पुसायला हात उचलला, तर त्यांनी नको म्हणून खूण केली.

"मंग काऊन काढून राह्यले?"

सुधाकररावांनी रीळ एक घर पुढे सरकवलं आणि पुन्हा डोळा लावला.

"अजून बावीस हायेत," ते म्हणाले. "हलू नको."