पान सातचं शुद्धिपत्र

संपादिका : कुमारी लीना देवस्थळी. पंधराव्या वर्षी! इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या अंकावर माझं नाव येणार, हे मी आमच्या अख्ख्या बागबाजार वस्तीला सांगत सुटले होते. आणि आज त्याच अंकातलं पान सात नाहीसं करायला मी श्यामरावांचा जिना धापा टाकत चढत होते.

पान सातवर माझाच लेख होता, 'आमचे शेजारी'. वरच्या मजल्यावरचा बंगाली शुभेंदूदा आमच्याकडे मराठी शिकला आणि आता अमरावतीला माझ्या पुष्पामावशीकडे ठेचा-भाकरी हाणतोय, असं मी रंगवून लिहिलं होतं. तो हवापालटाला गेलाय, असंच मला घरी सांगितलं होतं ना! आज सकाळी पोलिसांनी वरचं घर उलथंपालथं केलं, तेव्हा आईनं दार लावून खरं सांगितलं. पोलीस त्यालाच शोधताहेत, म्हणून त्याला मावशीकडे लपवलंय. त्याचे दोन मित्र पकडले गेले, ते परत आलेच नाहीत. "कुणाजवळ बोललीस तर माझी शपथ आहे तुला."

आणि अंकाची पहिली प्रत जाणार होती मनोहरकाकांना. मंडळाचे अध्यक्ष. पोलिसांतले मोठे साहेब.

श्यामराव मंडळाचे चिटणीस, निवृत्त संस्कृत शिक्षक. अंकाच्या प्रती छापायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र त्यांच्याच घरी.

"आजोबा, तो शुभेंदूदाचा परिच्छेद गाळा ना. फार बाळबोध झालाय."

"अगं, सगळ्यात रसाळ तोच!"

"संपादिका मी आहे की नाही?"

"आहात, बाईसाहेब," म्हणून ते हसले आणि पान सातचं नवं स्टेन्सिल टाइप करायला बसले.

पण जुनं स्टेन्सिल? छापून झालेली पानं? माझा कच्चा खर्डा? टाइप करतानाची कार्बन प्रत? श्यामरावांनी सगळं नीट बांधून ठेवलं होतं. "राहू दे दप्तरात. पन्नास वर्षांनी कुणीतरी बघेल."

कुणी बघू नये म्हणून तर! पण तोंडाला कुलूप. "माझं अक्षर बघा किती घाणेरडं आहे त्यात!" असं म्हणून मी गठ्ठाच उचलला आणि स्वयंपाकघरात शकुनआजींच्या चुलीत कोंबला. मेणाच्या स्टेन्सिलचा काळाकुट्ट धूर झाला.

"होळी फाल्गुनात असते गं बाई," आजी खोकत म्हणाल्या.

शेवटचा कागद जळेपर्यंत मी तासभर तिथून हलले नाही. मग हुश्श करून बाहेर आले. तोवर प्रती टाचून झाल्या होत्या आणि शाई वाळायला सतरंजीवर पालथ्या पसरल्या होत्या. शेवटचं पान वर. त्यावर ओलं, ठसठशीत 'शुद्धिपत्र'.

'पान सात : शुभेंदूच्या अमरावतीतील वास्तव्याविषयीचा परिच्छेद संपादिकेच्या इच्छेनुसार वगळला आहे.'

"आजोबा, हे कशाला?"

"गाळलं, तर गाळलं म्हणून सांगायला नको? मंडळाचा शिरस्ता आहे. आपण काही झाकत नाही."

खाली गाडीचं दार वाजलं. जिन्यावरून आवाज आला. "श्यामराव! शुद्धिपत्र छापलंत ना? मी अंक शेवटून वाचतो, तुमच्या चुका मोजायला!"

मनोहरकाका. त्यांचे गुडघे दुखतात, एकेक पायरी थांबत चढतात. तेवढाच वेळ होता माझ्याकडे. इतक्या पानांतून ती ओळ कशी फाडू? देवा, कशी?

यंत्राशेजारी शाईचा डबा होता. मी तो सतरंजीवर उपडा केला आणि दोन्ही हातांनी शाई पसरत सुटले. एकेक प्रत. माझं संपादकीय, माझं नाव, सगळं त्यातच होतं.

"अगं, वेड लागलं का कार्टे!" श्यामराव ओरडले.

दारात मनोहरकाका. "हे काय, संपादिकाबाई?"

"धडपडले, काका."

"हरकत नाही," श्यामराव रडवेल्या आवाजात म्हणाले. "स्टेन्सिल अजून यंत्रावर आहे. निदान शेवटचं पान..."

मी विसरलेच होते! झेप घेऊन ते ओरबाडलं आणि चोळामोळा केला.

श्यामराव माझ्याकडे बघत राहिले. माझ्या काळ्या हातांकडे, मग मनोहरकाकांकडे. मग सावकाश वाकून त्यांनी सतरंजी गुंडाळायला घेतली.

"यंदा अंक नाही, मनोहर. मुलगी धांदरट आहे. बस, चहा होतोय."

आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लीना, हे आत घेऊन जा. चूल पेटलेली आहे."