मागून आलेली आयत

माझ्या तोंडाले लगाम नाही, हे सारं आसेगाव सांगते. मी, हुस्नाबानोनं, बोलायचं अन् माझ्या मालकानं, शफीकमियानं, मान हालवायची, असा आमचा संसार. त्यायचं गाद्या भरायचं दुकान. हात कापसात अन् तोंडात कलाम, म्हंजे कुरान. हाफिज मानूस, कुरानाचे तीसच्या तीस पारे, म्हंजे भाग, तोंडपाठ. धाकट्या हसनैनले बी त्यायनंच दुकानात बसवून हाफिज केलं. पोरगं चुकलं का असे खेकसत का गिऱ्हाईक दचके.

मांगच्या दिवाळीच्या आसपास त्यायले लकवा मारला. उजवा हात गेला अन् त्याच्यासंगं वाचा गेली. समजे सारं, पन तोंडातून शब्द निघेना. माझं नाव बी नाही. अकोल्याचा डाक्टर म्हने, वाचा येईन का नाही, सांगता येत नाही. मले हात नको होता का पाय नको होता, मले फक्त त्यायचा आवाज पाह्यजे होता. भांडायले बी समोर मानूस लागते ना बाप्पा! एकटीनं किती भांडावं?

थोरला अजहर पुन्याहून बायकोले, उजमाले, घेऊन आला. दिवसभर लॅपटॉपसमोर. हसनैन वाशीमच्या मोबाइलच्या दुकानातून आला का आपल्या खोलीत. बापाजवळ कोनी बसे ना. बसलं तरी काय बोलावं हे समजे ना, मंग उगीच उशी नीट करून उठून जायचे.

रमजान लागला. पहिल्या तरावीहच्या राती अजान झाली तसे हे मशिदीकडं पाहून लेकरासारखे रडले. तरावीह म्हंजे रमजानातली रोजची लांब नमाज. हाफिज पुढं उभा राहून महिनाभरात सारा कलाम पाठ म्हनते. इतके वर्सं ते पुढं उभे राहत, आता पायरी बी चढता येत नव्हती. मी तिथंच सांगून टाकलं, "यंदा तरावीह घरी. हसनैन पढवीन, बाकी सारे मांगं."

हसनैनचं तोंड उतरलं. "अम्मी, मले नाही येत आता. विसरलो मी."

"काहून विसरला? मोबाइलचे भाव तं बरे ध्यानात राह्यतात!"

"अन् चुकलो तं?"

"चुकला तं चूक. बाहेरचं कोन हाय इथं?"

मंग रोज पहाटच्या नमाजीनंतर हसनैन अब्बाच्या पलंगापाशी बसून पाठ करे अन् अजहर समोर कलाम उघडून चूक धरे. या दोघा भावायचा छत्तीसचा आकडा, पन एका चादरीवर बसू लागले. उजमा अन् मी बी तांदूळ निवडत तिथंच. हे डोये मिटून आयकत राहत. राती त्यायले खुर्चीवर बसवून नमाजीच्या रांगेत अजहरच्या बाजूले घेत, आमी बायका पडद्यामांगं.

रमजान सरत आला तवा ती सूरह, म्हंजे कलामातला अध्याय, आली, जिच्यात एकच ओळ घडीघडी परत येते. भल्याभल्या हाफिजायचं गाडं तिथं अडते, कारन ती ओळ म्हनली का पुढची कोनती, हेच सुधरत नाही. हसनैन तिथंच फसला. तीच ओळ म्हने अन् थांबे. पुन्हा म्हने अन् थांबे. अशा वक्ताले मांगच्यानं पुढची आयत, म्हंजे पुढची ओळ, सांगायची असते. पन मांगं कोन होतं? अजहरले पाठ नाही, अन् नमाजीत कलाम उघडून पाह्यता येत नाही.

अन् खुर्चीवरून आवाज आला.

जाडा, घोगरा, पन सुरात. पुढची आयत, अक्षर न् अक्षर. या अल्ला! नमाजीत बोलता येत नाही, नाहीतं मी किंचाळली असती. हसनैनले ती आयत उचलता येईना. तं यायनं दुसऱ्यांदा म्हनली, अन् या खेपेले खेकसून! तोच खेकसा, दुकानातला. हसनैन रडत रडत पुढं पढू लागला.

नमाज संपून सलाम फिरला तसे सारे धावलो. अजहर त्यायचे पाय धरून म्हने, "अब्बा, बोला ना!" मी म्हनलं, "माझं नाव घ्या एकदा." त्यायचे ओठ नुसते थरथरले. काहीच निघालं नाही.

डाक्टरले फोन केला तं तो म्हने, लहानपनापासून पाठ केलेलं डोक्यात निराळ्या जागी राह्यते, होते असं. त्याले समजलं असन. माझ्या अंगावरचा काटा मातर अजून जात नाही. बायकोचं नाव पुसल्या गेलं, लेकरायचं पुसल्या गेलं, अन् अल्लाचं बोलनं जसंच्या तसं. एरवी माझा राग नाकावर, पन याचा मले राग नाही आला.

दुसऱ्या दिवशी मी हसनैनले हळूच म्हनलं, "आजही विसर ना रे."

"अम्मी, नमाजीत खोटंखोटं कसं अडखळू?"

त्याचं बी खरंच होतं. मंग ईद झाल्यावर मीच ओढनी सावरून त्यायच्या पलंगापुढं बसली. म्हनलं, "शिकवा मले." मले येते काय? नमाजीपुरत्या दोनचार सूरह. चुकायसाठी मले ढोंग करा लागत नाही. मी चुकली का ते बरोबर आयत बोलतात, अन् चांगलं डाफरून बोलतात. आता अजहर पुन्याले गेला, पन सकाळी व्हिडिओवर पढाले बसते अन् तोही बोलनं खाते. त्याले बोलनं बसलं का हसनैन हसते, अन् मंग हसनैनलेही बसते.

काल मातर पंचाईत झाली. माझी अख्खी सूरह बिनचूक निघाली. मी थांबली अन् मले रडूच आलं. म्हनलं, आता चूक नाही तं हे कायले बोलतीन? ते माझ्याकडं पाहत राह्यले. मंग डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, अन् पुढच्या सूरहची पहिली आयत सोताहून सुरू केली.